पन्नास वर्षांची चाल

बुधवार, १४ ऑक्टोबर २०४३. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मिरज स्टेशनजवळच्या तबकडी दवाखान्यात एक खेळ सुरू झाला. याआधी तो बंद झाला होता ८ मार्च १९९७ रोजी.

दवाखाना हे लोकांनी पाडलेले नाव. पाटीवर 'जुनी माध्यमे वाचन केंद्र' असे लिहिले होते. बाकावर नंबर लावून माणसे बसत. कोणाच्या पिशवीत लग्नाची तबकडी, कोणाच्या हातरुमालात मेलेला फोन. आतले कणवाचक यंत्र तबकडी फिरवत नसे. तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ सोडून ते चुंबकी कणांची दिशा एकेक करून टिपून घेई. बुरशी आणि ओरखडे त्याला आड येत नसत. मग प्रतिसंगणक त्या कणांना बोलते करी. प्रतिसंगणक म्हणजे जुन्या संगणकाची, त्याच्या सगळ्या खोडींसकट उभी केलेली हुबेहूब नक्कल. गेल्या आठवड्यात एका बाईंना तिथे त्यांच्या यजमानांचा खोकला परत मिळाला होता. त्या तो पुन्हा पुन्हा ऐकत जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून होत्या.

आज आतल्या खोलीत पडदा काळा झाला आणि त्यावर एकेक तारा लागत गेला. एकशे वीस तारे. प्रत्येक तारा म्हणजे चार पांढरे ठिपके, पण खोली एकदम खोल झाल्यासारखी वाटली.

प्रफुल्ल आरवाडे खुर्चीत पुढे सरकले. वय शहात्तर, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार रत्नागिरी. पुढच्या मंगळवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावले असताना ते पहिल्या बसने आले होते, ते तहसीनच्या एका फोनमुळे. "चाचा," ती म्हणाली होती, "अब्बांच्या सतारीत तुमची पेटी सापडली."

तहसीन मुजावर आता त्यांच्या शेजारी उभी होती. वडील, दस्तगीर, पाच वर्षांपूर्वी गेल्यापासून सतारीचे दुकान तीच चालवत होती. एकोणपन्नाशीची बाई, नखांच्या कडेला लाखेचा रंग कायमचा बसलेला.

"हाच का तो खेळ?"

"हाच. ध्रुवपट."

"एवढाच? मला वाटलं, काहीतरी उडेल, फुटेल."

"फुटायला सहा-सहा महिने लागायचे," आरवाडे म्हणाले. "तोवर कुठं काय पाठवलंय, तेही विसरायचो."

पुण्याच्या दोन प्राध्यापकांनी तो खेळ लिहिला होता. मराठी अक्षरेसुद्धा त्यांनी स्वतः ठिपक्या-ठिपक्यांनी काढली होती. दोन खेळाडू, एक आकाश. आपापले हुकूम द्यायचे, ते बंद करायचे आणि तबकडी, म्हणजे फ्लॉपी, टपालाने समोरच्याला पाठवायची. जहाजे संगणकाच्या तारखेप्रमाणे चालत. तारा तीन महिन्यांवर असेल तर खरेच तीन महिने लागत. खेळ बंद असला तरी जहाज थांबत नसे. दस्तगीरने तबकडीसाठी तुणाच्या, म्हणजे सतारीच्याच लाकडाची चपटी पेटी केली होती, आतून मखमल. चार वर्षे ती पेटी मिरज-रत्नागिरी करत राहिली. रत्नागिरीचा पोस्टमन दारातूनच ओरडे, "आरवाडे, तुमचं आकाश आलं!"

"ही बघा पेटी," तहसीनने ती पिशवीतून काढली. "दुकानात एक सतार टांगलेली असायची. अब्बा ती कुणाला विकत नव्हते. वाजवून बघणारा म्हणायचा, मियाँ, आवाज दबका आहे. अब्बा म्हणायचे, अजून मुरतेय. परवा मी तबली काढली, वरची फळी हो, तर भोपळ्याच्या पोटात हे. आवाज दबका नाही तर काय होणार?"

"कोरडी जागा, धूळ नाही, चुंबक नाही," यंत्रावरची मुलगी म्हणाली. केंद्राची तंत्रज्ञ, मृण्मयी खोत. "तबकडी ठेवायला भोपळ्याइतकी चांगली जागा मी आजवर पाहिली नाही. एकही कण हललेला नाही, काका. फक्त हे साल बघा."

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिले होते : १४ ऑक्टोबर, साल १४३.

"हे प्राध्यापक वर्षं एकोणीसशेपासून मोजायचे," मृण्मयी म्हणाली. "सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव, पुढे शंभर, एकशे एक. पुढच्या शतकात कोणी खेळेल असं त्यांना वाटलं नसणार. घड्याळ मात्र बरोबर आहे."

आरवाड्यांनी बाणाचे बटण दाबले. आकाश हळूच सरकले. डावीकडे त्यांचा स्वतःचा तारा आला, कृष्णाघाट. जिथे ते आणि दस्तगीर लहानपणी पोहायला शिकले, त्या घाटाचे नाव. त्याच्या भोवती सात तारे त्यांच्याच रंगाचे होते. त्या सातांकडे त्यांनी फार वेळ पाहिले नाही. आणि मग, अगदी उजव्या टोकाशी, दस्तगीरच्या ताऱ्याकडून निघालेली एक बारीक ठिपकेदार रेघ दिसली. रेघ काळोखातून जवळजवळ कृष्णाघाटापर्यंत आली होती. तिच्या टोकाशी एक ठिपका लुकलुकत होता.

त्यांनी त्यावर बोट ठेवले. अक्षरे उमटली.

जहाज : १. प्रस्थान : ८ मार्च, साल ९७. चाल : सर्वांत संथ. आगमन : ८ मार्च, साल १४७. माल : बंद. वार्ता : जहाज पोचल्यावर.

सेहेचाळीस वर्षे दुकानात गिऱ्हाइके आली आणि गेली, तहसीन मोठी झाली, दस्तगीरचा जनाजा त्याच दारातून निघाला. आणि हे जहाज भिंतीवरच्या भोपळ्यात काळोख कापत चालले होते.

"पन्नास वर्षांची चाल?" मृण्मयीने मार्गदर्शिका चाळली. "आहे खरी नियमात. प्राध्यापकांनी गंमत म्हणून ठेवली असेल. कोण निवडणार?"

"वार्ता म्हणजे काय?" तहसीनने विचारले.

"चिठ्ठी. प्रत्येक चालीबरोबर दोनशे अक्षरं लिहिता यायची," आरवाडे म्हणाले. "बहुतेक शिव्याच असायच्या. 'आरवाड्या, तुझं आरमार आहे की बाजारची टमटम?' असल्या."

तहसीन हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे त्या ठिपक्यात अब्बांनी लिहिलेलं काहीतरी आहे."

"आहे."

"आणि ते अजून साडेतीन वर्षांनी उघडणार."

"एक हजार दोनशे एकेचाळीस दिवसांनी," मृण्मयी म्हणाली. "पण ताई, थांबायचं काही कारण नाही. प्रतिसंगणकाचं घड्याळ मी आत्ता पुढे करू शकते. एक बटण आहे. नाहीतर कणांमधूनच थेट वाचते. कुलूप अगदी साधं आहे, पंधरा मिनिटं."

"वाच," तहसीन म्हणाली.

"थांब," आरवाडे म्हणाले.

"का, चाचा?"

"आमचे दोन नियम होते. पेटीच्या झाकणाच्या आत लिहिलेत बघ."

तहसीनने झाकण उलटे केले. वडिलांचे वळणदार अक्षर तिने लगेच ओळखले. घड्याळाला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा हुकूम फोडायचा नाही.

"हे तुम्हा दोघांचे नियम. मी कुठं कबूल केलेत?" ती म्हणाली. "अब्बांचा आवाज माझ्याकडे आहे, फोटो आहेत. पण हे मी कधीच ऐकलेलं नाही. आणि तुम्ही मंगळवारी..." ती थांबली.

"मंगळवारी मेलो तर वाचायचं राहून जाईल. मला कळतं ते."

"मग?"

आरवाड्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या घरीही कोणाला ठाऊक नव्हते ते आता या खोलीत, आजच ओळख झालेल्या एका मुलीसमोर सांगावे लागणार होते.

"ते सात तारे दिसतात ना, ते दस्तगीरचे होते. शहाण्णवच्या दिवाळीत मी ते एका दिवसात घेतले. त्यानं पहारा कुठून काढलाय, ते मला माहीत होतं. ऑफिसात एक साधन होतं, बंद फाइल उघडणारं. मी त्याचा हुकूम फोडला, वाचला, पुन्हा बंद केला आणि वर त्यालाच चिठ्ठी लिहिली, 'नशीब लागतं, मुजावर.'"

पडद्यावर ठिपका लुकलुकत राहिला.

"त्याला कळलं?" तहसीनने विचारले.

"पुढच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. 'आरवाड्या, सातही तारा पहिल्याच पिळाला सुरात लागत नसतात.' मी उत्तर दिलं नाही, नुसती चाल करून पेटी पाठवली. मग पेटी आलीच नाही. मला वाटलं, हरला म्हणून रागावला. असं वाटून घेणं सोयीचं होतं. पुढे मोबाइल आले, त्याचा नंबर होता माझ्याकडे. बेचाळीस वर्षं होती माझ्याकडे, तहसीन. तो गेल्याचं मी पेपरात वाचलं."

तहसीन बराच वेळ झाकणावरच्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिली.

"जहाजात काय असू शकतं?" तिने मृण्मयीला विचारले.

"दोनच गोष्टी. तोफा किंवा वसाहत. तोफा असल्या आणि काकांनी दरवाजा उघडा ठेवला, तर काकांचा तारा गेला, खेळ संपला. वसाहत असली आणि काकांनी तोफा लावल्या, तर जहाज जळणार. आणि जळालेल्या जहाजाची वार्ता पोचत नाही. नियमच तसा आहे."

"म्हणजे चाचांना आधीच ठरवावं लागणार. आत काय आहे ते माहीत नसताना."

"हो. हुकूम आत्ता देऊन ठेवायचा. नाही दिला तर तोफा धरल्या जातात."

खोलीत फक्त प्रतिसंगणकाची नक्कल केलेली घरघर होती. जुन्या पंख्याची, जो कुठेही नव्हता. तहसीनने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसली.

"लाकूड आणलं की अब्बा ते लगेच कापत नव्हते," ती म्हणाली. "माळ्यावर टाकून द्यायचे. मी म्हणायची, गिऱ्हाईक थांबलंय. ते म्हणायचे, ओल्या लाकडाची सतार आज छान वाजते आणि दुसऱ्या वर्षी वाकडी होते. काही लाकडं त्यांनी स्वतःच्या हयातीत वापरलीच नाहीत. मी आता वापरते." तिने पडद्याकडे पाहिले. "त्यांना पंधरा दिवसांची चाल पण होती ना?"

"होती," आरवाडे म्हणाले.

"आणि निघालेलं जहाज तुमच्याकडे पाठवलंच नाही. भिंतीला टांगून ठेवलं."

"हो."

"मग मृण्मयी, राहू दे. नको फोडूस." आणि आरवाड्यांकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "पण माझं एक ऐका. हा तुमच्यासाठी केलेला उपकार नाही. मला सुद्धा वाचायचंय ते. त्यामुळे मंगळवारी नीट या बाहेर. तुम्हीच गेलात तर मी कुणाशी भांडू?"

"बापावर गेलीस."

"सगळे म्हणतात. हुकूम द्या आता."

आरवाड्यांनी चष्मा लावला. कृष्णाघाट निवडला. पडद्यावर दोन शब्द आले, एकाखाली एक : तोफा. दरवाजा. त्यांना त्या घाटाच्या पायऱ्या आठवल्या, दस्तगीर आधी पाण्यात उतरून हात पसरून उभा राही आणि ओरडे, "मार उडी, मी आहे." तोही तेव्हा नीट पोहत नव्हता. हे आरवाड्यांना खूप नंतर कळले होते.

त्यांनी बाण खाली नेला आणि बटण दाबले.

वार्तेची चौकट उघडली. दोनशे अक्षरे. त्यांनी दोन बोटांनी टाइप केले, 'हुकूम मी फोडला होता', आणि थांबले. पुढे काही सुचेना. उरलेली जागा त्यांनी तशीच रिकामी ठेवली.

प्रतिसंगणक बंद करायचा नाही, असे ठरले. मृण्मयीने नोंदवहीत 'रुग्ण दाखल' असे लिहिले आणि घड्याळाच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मूळ तबकडी पेटीत गेली, पेटी तहसीनच्या पिशवीत. तबली ती शनिवारी चिकटवणार होती. पेटी आत ठेवून की बाहेर, ते तिने अजून ठरवले नव्हते. बाहेर ठेवली तर सतार कशी वाजेल, हे कोणीच ऐकलेले नव्हते.

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आरवाडे रत्नागिरीच्या बसमध्ये चढले. त्या वेळी पडद्यावर असे होते :

जहाज : १. अंतर : १२४१ दिवस. माल : बंद. कृष्णाघाट : दरवाजा उघडा.