सामाईक बफर

सोनखाडीच्या होड्या आता सुकाणूवर हात न ठेवता घरी येत. दीपगृहावरचं रडार क्षणोक्षणी लाटांचा नकाशा टिपायचं आणि तिथल्या खोलीतला नेटवर्क स्विच तो पॅकेटांच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांच्या, रूपात प्रत्येक होडीवरच्या यंत्राकडे धाडायचा. गाव त्या यंत्राला वाटाड्या म्हणे.

त्या दुपारी वादळ अंदाजाआधीच येऊन थडकलं आणि खडकांच्या तोंडाशीच होड्या भरकटू लागल्या. स्विच सांभाळणाऱ्या जुईली चोगलेचा भाऊ धर्मेश त्यांतल्याच एकीवर होता. पडद्यावरून नजर न हटवता ती ओरडली,

“पॅकेटं गळतायत, नाना. बफर भरलाय!”

बफर म्हणजे पुढे निघण्याआधी पॅकेटांनी घटकाभर टेकायची मेमरी. चिपच्या पोटात ती मुळातच चिमूटभर, आणि मच्छीमार सोसायटीने रीतसर ठराव करून तिचे होडीगणिक सारखे वाटे पाडलेले! किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचे वाटे रिकामे, समुद्रातल्यांचे ओसंडणारे. समानता म्हणावी तर ही अशी.

“वाटे मोडून सगळी मेमरी सामाईक करते. परवानगी द्या.”

सोसायटीचे चेअरमन हसूराम तांडेल, म्हणजे नाना, उसळले. “माज्या होडीची जागा दुसऱ्याला? उद्या मना लागली म्हंजे?”

“उद्या मिळेल की! पॅकेट क्षणभरच टेकतं. आणि नकाशा सगळ्यांना तोच, तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत कशाला? एकच ठेवते, होड्यांच्या रांगांत फक्त तिचा पत्ता लावते. नवा नकाशा आला की जुना पुसायचा.” तिने पडद्यावरच्या एका होडीवर बोट ठेवलं. “नाना, धर्मेश बाहेर आहे.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि परवानगीचा अंगठा पडद्यावर टेकवला.

गळती थांबली. भरकटलेल्या होड्या वळल्या, रांगेत आल्या, खडकांमधून एकामागून एक सुखरूप निसटल्या. तेवढ्याच चिमूटभर मेमरीत! किनाऱ्यावर एकच जल्लोष उसळला. जुईली हसतही होती, रडतही होती.

धर्मेशची होडी मात्र जेट्टीबाहेरच हेलकावत राहिली. आत होड्या बांधायच्या कित्येक जागा मोकळ्या होत्या, पण प्रत्येकीवर मालकाच्या नावाची साखळी. नाना पावसात धावले, आधी स्वतःच्या जागेवरची साखळी सोडली आणि धर्मेशचा दोर झेलला. मग उरलेल्या साखळ्यांकडे बघत ते मागून आलेल्या जुईलीला म्हणाले,

“या साकल्या आपन कुनासाठी लावल्या होत्या गो?”