सहाशे अठरा क्रमांकाची चिठ्ठी

परवान्याची खिडकी सातला उघडायची, पण रांग चारपासूनच लागायची. पाठीवर पिशव्या, हातात थर्मास, आणि प्रत्येकाला हवं तेच एक तळं. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या अभयारण्यात रात्र काढायची तर मार्लीन टॉर्विकच्या हातचा परवाना लागे, आणि मार्लीन कुणाच्या गोड बोलण्याला भुलणाऱ्यातली नव्हती. लोक 'चार जण' म्हणतात आणि सहा निघतात, हे तिला पाठ होतं. म्हणून तोंडाने विचारण्याआधी ती डोकी मोजायची आणि नोंदवहीच्या समासात तेवढ्या उभ्या रेघा ओढायची.

परवान्याची चिठ्ठी तंबूला बांधायची, परत येताना वाटेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी पेटीत टाकायची. चिठ्ठी आली म्हणजे माणसं आली. नाही आली, की शोध सुरू. एकोणीस उन्हाळ्यांत मार्लीनने आत पाठवलेला एकही माणूस आत राहिला नव्हता. ती हे कुणाला सांगत नसे, पण तिची मान ताठ असायची ती त्यामुळेच.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी तिने पेटी रिकामी केली. सात चिठ्ठ्या निघाल्या. सातवी दमट होती, तिला डिंकासारखा वास येत होता. क्रमांक सहाशे अठरा. मार्लीन कचेरीच्या पायरीवरच थांबली, कारण काल संध्याकाळी तिने शेवटचा परवाना दिला होता तो सहाशे पाचवा.

अक्षर तिचंच होतं. हेरॉन तळं, परतायचा दिवस गुरुवार, माणसं चार. चारचा आकडा आधीच्या तीनवर गिरवलेला. मागच्या बाजूला डावीकडे झुकलेल्या, फरफटलेल्या अक्षरांत एकच ओळ होती: 'आम्ही तिघं बाहेर आलो.'

"वेड, हा तुझाच चावटपणा ना?" तिने चिठ्ठी वेड नावाच्या आपल्या मदतनीसासमोर धरली.

वेड अस्वलांपासून अन्न वाचवायचे डबे पुसत होता. "बाई, मला तुमच्यासारखं अक्षर काढता आलं असतं तर मी इथे डबे पुसत बसलो असतो का?"

तिने परवान्यांचं पुस्तक उघडून पाहिलं. सहाशे अठराचं पान कोरं होतं, जागच्या जागी. मार्लीनने चिठ्ठी खणात टाकली आणि मनाशी ठरवलं: हा क्रमांक चौघांच्या टोळीला द्यायचा नाही. बस, विषय संपला. तिने खिडकी उघडली.

नऊच्या सुमारास सहाशे अठरावं पान वर आलं. समोर तिघं होती. तिने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, समासात तीन रेघा ओढल्या. तिच्या जिवात जीव आला. नेल्स आणि रॉय हॅडली हे दोघे दाढीवाले भाऊ, आणि त्यांची धाकटी बहीण कॉर्लिस. तिच्या डोक्यावर लाल टोपी होती.

"हेरॉन तळं," नेल्स म्हणाला.

"दुसरं घ्या की. तिथे डास फाडून खातात."

"आईलाही खात होते. तरी दर उन्हाळ्यात यायची." त्याने कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा खिडकीच्या फळीवर हळूच ठेवला. त्यांची आई तरुणपणी तिथल्या वाटा बांधणाऱ्यांसाठी रांधत असे. तिची राख तळ्यात सोडायची होती, आणि त्यासाठी लागणारं परवानगीपत्रही त्यांनी आणलं होतं.

मार्लीनने माणसांच्या रकान्यात तीन लिहिलं.

"चार करा ना," कॉर्लिस म्हणाली. "आईला मोजलं नाही तर ती आम्हाला रात्रभर झोपू देणार नाही."

"तसंही जिवंतपणी कुठे देत होती," रॉय म्हणाला, आणि सगळी हसली.

मार्लीनही हसली. एकदम सगळं उलगडलं होतं. चार आत, तिघं बाहेर, आई तळ्यात. चिठ्ठी कुठून आली ते देव जाणे, पण तिच्यात वाईट काही नव्हतं. परवान्यात जिवंत डोकीच धरायची, हा तिचाच नियम. तो तिने पहिल्यांदा मोडला आणि तीनवर चार गिरवला. कॉर्लिसने नोंदवहीत घरचा फोन नंबर लिहिला. ती डावखुरी होती, तळव्याच्या कडेला शाई माखली.

गुरुवारी दुपारी दोघे भाऊ खिडकीशी आले. नेल्सने डबा फळीवर ठेवला. जडच वाजला.

"आईला सोडलं नाहीत?"

"जमलं नाही, बाई. वारा सारखा अंगावर येत होता. घरी परत नेतो तिला." तो दमला होता, पण शांत होता. "आणि चिठ्ठी हरवली. सकाळी तंबूला नव्हतीच. म्हटलं, तोंडी सांगून जावं, म्हणजे उगाच शोधत बसाल ते टळेल."

"कॉर्लिस कुठाय?"

"कोण?"

"तुमची बहीण."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही दोघंच, बाई," रॉय म्हणाला. "आणि आई. तिघं."

"दोघंच होते," मागून वेड म्हणाला. "मीच तर अन्नाचे दोन डबे दिले, माणशी एक."

मार्लीनने नोंदवही फिरवून त्यांच्यापुढे केली. समासात तीन रेघा होत्या. खाली डावीकडे झुकलेला, फरफटलेला नंबर.

"नंबर आमच्याच घरचा आहे," नेल्स सावकाश म्हणाला. "पण हे अक्षर कुणाचं?"

मार्लीन घाबरली. एकोणीस उन्हाळ्यांत पहिल्यांदाच घाबरली. शोधपथक बोलवायचं तर कागदात खोट दाखवावी लागते, आणि कागदात खोट नव्हती. चार आत, तिघं बाहेर. चौथी जागा तिनेच, स्वतःच्या हाताने, भरून दिली होती.

तिने खण उघडला. मंगळवारची चिठ्ठी तशीच होती, अजून दमट.

तिने ती उलटी करून मागच्या ओळीवर अंगठा फिरवला.

शाई ओली होती.