शून्यापासून निघालेलं घड्याळ

“नूतनला आज दुपारीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको,” मुश्ताकभाई म्हणाले. “आठ वर्षं माझ्याबरोबर काम केलं, आणि चोरी केली!”

खासगी तपासनीस सुचिता तांडेल आणि तिचा मावसभाऊ विपुल त्यांच्या बोर्ली पंचतनच्या घरी पडवीत बसले होते. दुबईत रेडिओ दुरुस्त करून परतलेले मुश्ताकभाई निक्सी नळ्यांची घड्याळं बनवत. बोटभर काचेच्या नळीत नारिंगी आकडा उजळतो. अशा सहा नळ्यांचं एक घड्याळ.

“शिल्लक नळी एकच होती. सकाळी साडेआठला दिघीला निघालो तेव्हा जागेवर होती, बाराला परत आलो तर ड्रॉवर रिकामा. ती तेवढी शोधून द्या.”

“हे घड्याळ सहा दहा दाखवतंय,” सुचिता म्हणाली. तिच्या मोबाइलवर बरोबर तीन वाजले होते.

“वीज गेली असणार. आली की ते शून्यापासून सुरू होतं. माझ्याशिवाय त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही.”

“ताई, एक नळी बघ कशी लखलखतेय,” विपुल म्हणाला. “बाकी पाच वरून काळवंडल्यात.”

मुश्ताकभाईंच्या पत्नी शहनाजभाभी चहा घेऊन आल्या. अंगठ्याला हळद लावलेली.

“सुरी लागली,” त्या म्हणाल्या. “मला काही ऐकू आलं नाही. आठला घरघंटीत तांदूळ टाकले, ती दहापर्यंत एकसारखी घरघरत होती. नूतन साडेनवाला आली. पुतण्या मुझम्मिल अकराला बांगडे देऊन गेला.”

मुझम्मिलने फोनवर तेच सांगितलं.

नूतन शेजारच्या आळीत दारातच भेटली. “यांच्या तारांना डाग देऊन बोटं भाजली माझी. मागितली असती तर नळी दिली नसती? आता गावात चोर म्हणून फिरू?” तिचे डोळे भरून आले.

परतताना विपुल म्हणाला, “काहीच हाती लागलं न्हाय.”

“अरे बाबा, तूच तर सांगितलंस!”

पडवीत सुचिताने सगळ्यांना बसवलं. “आपल्याकडे घड्याळ चुकलं की माणूस वीज गेली म्हणून मोकळा होतो. तीनला ते सहा दहा दाखवत होतं. म्हणजे आठ पन्नासला निघालं. पण तेव्हा घरघंटी चालूच होती. वीज गेलीच नाही. कुणीतरी प्लग काढला. नूतन आली नव्हती, मुझम्मिलही नाही. आणि नळी चोरीला गेलीच नाही. ती लखलखीत नळी बघा, मुश्ताकभाई.”

मुश्ताकभाईंनी चष्मा लावला. “या अल्ला! ही तर ड्रॉवरमधली!”

“जुनी फुटली. त्या काचेनंच अंगठा कापला. होय ना, भाभी?”

शहनाजभाभी रडू लागल्या. “धूळ पुसत होते. इतकी वर्षं बघतेय, बसवली नवी. तुम्ही ओरडाल म्हणून गप्प राहिले. नूतनवर आळ आला, तेव्हा तर जीभच वळेना. मीच जाऊन सांगते तिला.”

“तिला चोर मी म्हटलं. मीच जाणार,” मुश्ताकभाई म्हणाले.

नूतन उंबऱ्याबाहेर येईना. “आळीला ऐकू जाईल असं बोला.”

मुश्ताकभाईंनी आवाज चढवला. “नूतन चोर नाही! चूक माझी आहे!” दोन खिडक्या उघडल्या.

तिला घेऊन पडवीत परतल्यावर त्यांनी घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. “वेळ तू लाव.”

नूतनने पदराने हात पुसले आणि सुचिताचा मोबाइल मागितला.