वर्ष टळेपर्यंत

पुनम मॅडम जळगावच्या एका मंगल कार्यालयात दर शनिवारी मोठ्या माणसांना बॅले शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मेघाने नवेकोरे बॅलेचे बूट दारात काढले, चपलांच्या रांगेत नीट लावले आणि अनवाणी आत निघाली.

"ते आत घालायचे असतात," मागून आवाज आला.

"मग तुमचे कुठेत?"

"...तुमच्या शेजारीच काढलेत."

नाचायच्या जागी पायताण! पंचविशी ओलांडलेल्या दोघांनाही ते पचेना. तो अखिल, कापडवाल्या जैनांचा मुलगा. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याची ऐपत ओळखणारा. मेघाला ओळखायला मात्र त्याला वेळ लागला. आई गेल्यावर ती घरात रडली नव्हती. इथे, भिंतीला लावलेला लोखंडी पाइप धरून गुडघे वाकवताना रडायची. अखिल पुढे उभा राहून आडोसा करायचा. एवढंच. पण एवढ्यानेच घात केला; दोघं गुंतली.

तिच्या भावाला घाई होती. घरात मौत झाली की पोरीचं लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं नाही. धरणगावचा मुलगा बघूनही झाला होता. "पोऱ्या चांगला शे, बागायत शे. आखो काय जोयजे तुले?"

आणखी काय पाहिजे, ते तिला भावाला सांगता येईना. तिने अखिलला स्थळाचं सांगितलं. तो बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिला.

"बोला की! साड्या दाखवताना तर तोंड थकत नाही तुमचं."

"इतक्यात माझं घर ऐकणार नाही, मेघा. पण... वर्ष टळू दिलंत तर?"

"तर तीन वर्षं मला कुणी मागणी घालणार नाही."

"मी घालीन. मॅडम म्हणतात, बोटांच्या टोकावर उभं राहायला तीन वर्षं तरी लागतात — तेवढा दम आहे माझ्यात."

मेघाने धरणगावला नकार कळवला. वर्षश्राद्धाची पानं उठली, पाहुणे गेले, तेव्हा भाऊ हात धूत म्हणाला, "आते बस तीन वरीस. माले भाऊ म्हनू नको."

त्या शनिवारी अखिल उशिरा आला. चेहरा उतरलेला.

"घरी सांगितलंत?"

"सांगितलं. मम्मीने उपास धरलाय. तिसरा दिवस."

"धर्माचा, की रागाचा?"

"ते तिचंच अजून ठरत नाहीये."

तिला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली. "पस्तावलात?"

पाइपावरून हात सरकवत त्याने तिच्या हातावर ठेवला. गार होता. तिने आपला काढला नाही.

"टाचा उचला," मॅडम म्हणाल्या.

दोघांनी उचलल्या. फार वेळ टिकल्या नाहीत. मग पुन्हा उचलल्या.