उद्याच्या सभेचा वृत्तान्त

"आजपासून आपलं पथक सुरू! कप्तान मी!" वकील कट्ट्यावर उभा राहून ओरडला.

"पथक कसलं पण?" भिंगने विचारलं.

"ते नंतर ठरवू. आधी कप्तान ठरला पाहिजे ना!"

सुट्टीचा चौथा दिवस होता आणि चौघांना आत्ताच कंटाळा आला होता. वकील हा काही खरा वकील नव्हता, सातवीतला मुलगा होता. पण वाद घालण्यात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. एकदा तर त्याने गणिताच्या बाईंना पटवून पेपरातला एक प्रश्नच रद्द करून घेतला होता! भिंगचा चष्मा जाडजूड होता, पण इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी नेमक्या तिलाच दिसत. शेपूट सहा वर्षांचा. ताई जिथे जाईल तिथे तो मागे असायचाच, म्हणून शेपूट.

आणि त्याची ताई म्हणजे टाचणी. अंगाने बारीक, जिभेने टोकदार. पण गेले दोन महिने टाचणी कोणाला टोचली नव्हती. आजोबा गेले त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी वागत होती, आणि हेच सगळ्यांना विचित्र वाटत होतं. ती जेवायची, वेळेवर झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची. रडली मात्र एकदाही नव्हती. एकदा आरशासमोर उभं राहून तिने मुद्दाम रडून पाहिलं, तेही जमलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं तिचं आतून झालं होतं. चिमटा काढला तरी कळू नये असं.

"गप्प बसा जरा," भिंग म्हणाली. "हा कागद बघा."

ते बसले होते तो कट्टा नागरिक सभागृहाचा होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा वाजता इथे वस्तीतल्या लोकांची सभा भरायची. लोकांनी अडचणी सांगायच्या, सूचना करायच्या आणि कार्यालयाने त्यावर काम करायचं, अशी ती पद्धत. सभागृहाचे कारकूनकाका नुकतेच बाहेरच्या फलकावर एक कागद लावून, सायकलला मासे धरायचा गळ बांधून घाईघाईने निघून गेले होते.

"'नागरिक सभेचा वृत्तान्त,'" भिंगने वाचलं. "'शनिवारी सकाळी दहा वाजता झालेल्या सभेस एकतीस नागरिक उपस्थित होते.' तारीख बघा! आज वार कुठला?"

"शुक्रवार," वकील म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "अरे! ही तर उद्याची तारीख! उद्याची सभा आज झालीसुद्धा?"

"पुढे ऐका. 'शिंपी यांनी रस्त्यावरील दिव्यांबद्दल समाधान व्यक्त केले. बेकरीवाल्या बाईंनी गटारे स्वच्छ ठेवल्याबद्दल आभार मानले. विभागप्रमुख बाईंनी मार्गदर्शन केले. टाळ्या.'"

"टाळ्यासुद्धा आधीच वाजवून ठेवल्यात!" वकील हसत सुटला.

भिंग मात्र हसली नाही. तिने पुढची ओळ मनातल्या मनात वाचली आणि टाचणीकडे पाहिलं.

"वाच की," टाचणी म्हणाली.

"'घर क्रमांक सतरा येथील निवृत्त सुतार यांनी कालव्यावरील पुलाच्या कठड्याचे सात गज पडल्याचे निदर्शनास आणले. नोंद घेतली.'"

घर क्रमांक सतरा टाचणीचं होतं आणि निवृत्त सुतार म्हणजे तिचे आजोबा.

"ताई," शेपटाने तिचा फ्रॉक ओढला. "आजोबा उद्या येणारेत?"

"नाही," टाचणी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "चला पुलावर."

कालव्यावरचा पूल त्या सगळ्यांच्या रोजच्या पायाखालचा होता, कारण शाळा पलीकडे होती. पूल अरुंद आणि त्याच्या कठड्याचे लोखंडी गज बुडापासून गंजलेले. आजोबा दर महिन्याच्या सभेआधी इथे यायचे आणि पडलेले गज मोजायचे. टाचणीच्या खिशात त्यांचं घडीचं लाकडी माप होतं. ते गेल्यापासून ती ते खिशातच ठेवायची, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मापाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीच्या नऊ रेघा होत्या.

"एक, दोन, तीन..." भिंग मोजत निघाली. "नऊ, दहा, अकरा! अकरा गज नाहीत!"

"आजोबांच्या रेघा नऊ आहेत," टाचणी माप उलटं करून म्हणाली. "ते गेल्यावर आणखी दोन पडले."

"आणि कागदावर सात! म्हणजे हा कागद नऊच्याही आधीचा!" वकिलाने चुटकी वाजवली. "कारकूनकाका जुनाच वृत्तान्त उतरवतात आणि फक्त तारीख बदलतात! पण मग सभेत..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. एवढा वेळ शेपूट दोन गजांमधल्या मोठ्या फटीतून वाकून बेडूक बघत होता. त्याने हात टेकला तो गज कुरकुरला, तिरका झाला आणि शेपूट डोक्याकडून पुढे गेला!

भिंग किंचाळली. टाचणीने एका उडीत त्याची पँट मागून धरली आणि त्याला खसकन मागे खेचलं. खाली गढूळ पाणी जोरात धावत होतं. शेपटाने भोकाड पसरलं. वकील पांढराफटक पडून खालीच बसला.

"लागलं का?" टाचणीने विचारलं, जणू पुस्तकातलं वाक्य वाचावं तसं. तिच्या हाताला कंपसुद्धा नव्हता.

"टाचणी, तुला भीती नाही वाटली?" भिंगने हळूच विचारलं.

टाचणीने विचार केला. "नाही वाटली," ती म्हणाली. आणि मग, "वाटायला हवी होती ना?"

टाचणीने वकिलाच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि मापावर आणखी दोन रेघा ओढल्या.

"उद्याची सभा खरी झाली पाहिजे," ती म्हणाली. "हा प्रश्न खरा विचारायचा. आजोबांचा."

वकील ताडकन उठला. सभागृहाच्या खिडकीतून दिसणारे भिंतीवरचे नियम त्याला तोंडपाठ होते. "नियम तीन! वीस माणसं असली तरच सभा धरली जाते. मग विचारलेल्या प्रश्नाला विभागप्रमुखांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं! आपण चार, तेही लहान. मोठी माणसं कुठून आणायची? सुट्टीच्या दिवशी सभेला चला म्हटलं तर कोणी ढुंकूनही बघणार नाही."

"सभेला चला म्हणायचंच नाही," टाचणी म्हणाली. "उद्या ते काय बोलले एवढंच त्यांना सांगायचं."

दोन महिन्यांनी पहिल्यांदाच टाचणीला टोक आलं होतं!

भिंगने आपल्या सुंदर अक्षरात अख्खा वृत्तान्त, खालच्या एकतीस नावांच्या यादीसकट, वहीत उतरवून घेतला आणि पथक निघालं. पहिला मान शिंपीकाकांचा. सभागृहाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, सभागृहाची एक जादा किल्लीही त्यांच्याकडे असायची.

"काका, दिव्यांबद्दल तुम्ही समाधान व्यक्त केलंत, फार बरं वाटलं!" वकील म्हणाला.

"मी? समाधान?" शिंपीकाकांची कात्री हवेतच थांबली. "दुकानासमोरचा दिवा गेल्याला सहा महिने झाले! संध्याकाळी सुईत दोरा ओवायला मला घरी जावं लागतं! कोण म्हणतो समाधान?"

"इथे लिहिलंय. उद्याच्या सभेत तुम्हीच म्हणालात."

"अजून उद्या उजाडलाय कुठे? आणि मी वर्षभरात त्या सभेला गेलोय कुठे? म्हटलं, बाकीचे जातातच..."

बेकरीवाल्या काकूंनी तर पिठाचे हात कमरेवर ठेवले. "गटारांबद्दल आभार? मी? माझ्या मागच्या दारात येऊन नाक उघडं ठेवून दाखव म्हणावं! पण सभेला इतकी माणसं असतात, त्यात माझी काय गरज, म्हणून मी जात नव्हते."

एकतीसपैकी तीस घरांत हेच झालं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरे जात असतील. आणि आपण न बोललेलं ऐकून प्रत्येकाचं पित्त खवळलं. एकतिसावं घर टाचणीचं स्वतःचं होतं.

शेवटी चौघे विभागप्रमुख बाईंच्या कार्यालयात शिरले. बाई फायलींच्या ढिगामागे होत्या.

"मॅडम, अभिनंदन! उद्याच्या तुमच्या भाषणाला टाळ्या पडल्या," वकील नम्रपणे म्हणाला आणि वही पुढे केली.

बाईंनी वही वाचली. दोनदा वाचली. "उद्या दहाला म्हणालात ना?" एवढंच त्यांनी विचारलं, पण त्यांच्या भुवया केसांपर्यंत गेल्या होत्या.

शनिवारी पावणेदहाला सभागृहात खुर्च्या कमी पडल्या! शिंपीकाका हातात टेप घेऊनच आले होते. बेकरीवाल्या काकूंनी पुराव्यासाठी गटारातलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहिल्या. भिंगने माणसं मोजली. चव्वेचाळीस!

तेवढ्यात रस्त्यावरून गळ बांधलेली सायकल गेली, थांबली आणि मागे आली. कारकूनकाका इतकी माणसं बघून दारातच थबकले.

"या!" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "सभा कालच झाली म्हणे. आम्हाला मात्र आज कळलं!"

एकच गलका झाला. "लबाड!" "आमची नावं वापरता!" "घरी बसवा यांना!" कारकूनकाकांनी टोपी काढून हातात धरली. ते कोणाकडेच न बघता बोलू लागले.

"चुकलं माझं. पण सभेला कोणी येतच नव्हतं हो. वर्षभर एकच माणूस यायचा, सतरा नंबरचे सुतारबाबा. तिसऱ्या रांगेत बसायचे. दहा वाजले की उभे राहून प्रश्न विचारायचे, समोर मी एकटा. लागोपाठ तीन सभांना वीस माणसं नसली तर सभाच कायमची बंद करायचा नियम आहे. त्यांना ते कसं सांगणार? मी जुन्या यादीवरून एकतीस जण लिहून टाकले. दर वेळी जाताना ते म्हणायचे, 'पुढच्या महिन्यात येतील लोक.'"

मघाशी ओरडणारे आता आपापल्या चपलांकडे बघत होते.

टाचणीला आठवलं. सभेहून आले की आजोबा कानावरची पेन्सिल काढून ठेवत म्हणायचे, "आज चांगली झाली सभा!" आई विचारायची, "किती माणसं होती?" आणि ते म्हणायचे, "भरपूर." शेवटच्या वेळी निघताना त्यांनी टाचणीला विचारलं होतं, "येतेस का गं?" ती गोष्टीचं पुस्तक वाचत होती. "पुढच्या वेळी," असं ती मान वर न करताच म्हणाली होती. ती गेली असती तर सभेला दोघं झाली असती.

तिला हे सगळं दिसत होतं, अगदी स्वच्छ, पण लांबून दिसावं तसं. ती उठली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"ते गेल्यावरही त्यांचं नाव का लिहीत होतात?" तिने विचारलं.

"त्यांचं नाव काढायला हात धजेना, बाळ," कारकूनकाका म्हणाले. "आणि आळसही होताच. खोटं कशाला बोलू?"

"ते दर महिन्याला गज मोजून यायचे. सात, मग आठ, मग नऊ. तुम्ही सातच लिहीत राहिलात."

कारकूनकाकांची मान आणखी खाली गेली. टाचणी बाईंकडे वळली.

"पुलाच्या कठड्याचे अकरा गज पडलेत. बारावा काल माझ्या भावाच्या हाताखाली वाकला, तो पाण्यात जाता जाता वाचला. कठडा कधी नीट होणार?"

लोकांत कुजबुज उठली. बाईंनी सवयीने पेन उचललं. "नोंद घेतली..."

"नोंद नको," टाचणी म्हणाली. "नोंद आहे. तारीख सांगा."

"नियम तीन!" मागून वकील ओरडला. "तिथल्या तिथे उत्तर!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. चव्वेचाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. "मंगळवार," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी मी स्वतः पुलावर उभी राहीन. तोपर्यंत आजच तिथे दोर बांधायला लावते. आणि कारकूनसाहेब, तुमच्याशी मी नंतर बोलणार आहेच. आधी आजचा वृत्तान्त लिहा, आत्ता, सगळ्यांसमोर!"

मग दिव्यांची पाळी आली, मग बाटलीतल्या पाण्याची, आणि सभा बारापर्यंत चालली. शेवटी शिंपीकाका उठून म्हणाले, "आम्ही मोठी माणसं घरात बसून राहिलो आणि या पोरांनी आम्हाला कान धरून इथे आणलं. शाबास रे पोरांनो!" या वेळी टाळ्या खऱ्या पडल्या. वकिलाने तीनदा वाकून नमस्कार केला.

कारकूनकाका एकेकाला विचारून यादी लिहीत होते. सतरा नंबरशी त्यांचं पेन थांबलं. "इथे काय लिहू?"

"आजोबांचं नाव काढा," टाचणी म्हणाली. "माझं लिहा."

मंगळवारी लोहार आले. ठिणग्या उडाल्या आणि दुपारपर्यंत बारा नवे गज उभे राहिले. विभागप्रमुख बाई खरोखरच उन्हात उभ्या होत्या. टाचणीने आजोबांचं माप उघडून प्रत्येक फट मोजली. चार बोटं, सगळीकडे सारखी. शेपटाने डोकं घालून पाहिलं, ते काही आत जाईना.

"कशा आहेत फटी?" लोहाराने हसत विचारलं.

"चांगल्या आहेत," टाचणी म्हणाली. आजोबा असंच म्हणायचे.

सगळे गेल्यावर तिने खोडरबर काढला आणि माप उलटं केलं. स्वतः ओढलेल्या दोन रेघा तिने नीट खोडल्या. मग आजोबांच्या नवव्या रेघेवर रबर टेकवला. शेवटच्या सभेच्या सकाळी ओढलेली ती रेघ होती. तिने रबर उचलला आणि नऊच्या नऊ रेघा तशाच ठेवल्या. बधिर पायात रक्त परत येताना मुंग्या येतात, तसं तिला आत कुठेतरी झालं. फार दुखलं.

"ताई," शेपटाने तिचा फ्रॉक ओढला. "तू रडतेयस?"

"हो," टाचणी म्हणाली आणि नव्या कठड्याला टेकून खाली बसली.