मंगळवारचा बुरूज

निवेसनं वर जायला साफ नकार दिला, म्हणून मला एर्मेस भेटला.

निवेस माझी विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचा विषय आमच्या बोलोन्या शहरातला एक जुना घंटाबुरूज होता: तो किती झुकतो, कसा डुलतो, विटांना किती सोसतं. माझं कामच तसं, अर्धं पदार्थविज्ञान, अर्धं बांधकाम. खात्यातले लोक माझ्याबद्दल म्हणायचे, ही फोस्का ना धड इकडची, ना धड तिकडची. कंप मोजायचं यंत्र वर बसवायचं होतं. पण आमच्याकडचे विद्यार्थी पदवीआधी बुरूज चढत नाहीत. चढला की पदवी कायमची हुकते म्हणतात. चुटकीसरशी समीकरणं सोडवणारी ही मुलगी हात जोडून म्हणाली, "मॅडम, माझा नाही विश्वास. पण विषाची परीक्षा कशाला?"

मग यंत्र काखोटीला मारून मीच निघाले. नोव्हेंबरचा पाऊस फुटपाथवरच्या कमानींखालीही तिरका घुसत होता. बुरुजाच्या दाराशी विटांच्या धुळीनं माखलेला एक माणूस मोर्ताडेल्ला या मांसाच्या चकत्या घातलेला पाव खात बसला होता. डागडुजी करणारा गवंडी, एर्मेस. त्यानं अर्धा पाव माझ्यापुढे धरला आणि सांगितलं, एकट्यानं वर जायचं नाही असा नियम आहे, मी सोबत येतो.

तीनशे बारा पायऱ्या. शंभराव्या पायरीला मला धाप लागली, तेव्हा तो थांबून भिंतीतली एक वीट निरखत बसला. मला दम खाता यावा म्हणून. ती वीट अगदी ठणठणीत होती हे मलाही कळत होतं.

यंत्र बसवून झाल्यावर त्यानं विचारलं, आता पुन्हा कधी?

मी… मी म्हणाले, याची बॅटरी दर मंगळवारी बदलावी लागते.

बॅटरी वर्षभर चालते. कामाच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

मंगळवारांमागून मंगळवार गेले. विटेवर टिचकी मारून ती आतून पोकळ आहे का, हे ओळखायला त्यानं मला शिकवलं. मी त्याला आलेख वाचायला शिकवलं. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी वीट घेऊन गेले, तेव्हा पोरं हसली आणि मग तासभर हलली नाहीत. एर्मेसच्या टिचकीवर निवेसनं अख्खं प्रकरण लिहिलं. आणि मी, रोज मोजमाप करणारी बाई, त्याच्या बोटांकडे बघण्यात आकडे टिपायचे विसरायला लागले.

जुलैतल्या एका मंगळवारी निवेसला पदवी मिळाली. डोक्यावर पदवीधरांना घालतात तो तमालपत्राचा मुकुट, डोळ्यांत पाणी. मला मिठी मारून म्हणाली, "मॅडम, आता तुमची सुटका. आजपासून बुरूज माझा."

मला तिचा अभिमान वाटला. पण माझे मंगळवार संपले होते.

ती मला ओढतच बुरुजाकडे घेऊन गेली. एर्मेसनं तिच्या मुकुटाकडे पाहिलं, तिच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "जा पोरी, खुशाल जा." ती पळालीच.

"एकटी?" मी विचारलं. "आणि नियम?"

"असा काही नियम नाहीये, प्रोफेसरबाई."

तो बुटाच्या टोकानं धूळ सारखी करत राहिला.

"आणि बॅटरी वर्षभर चालते," तो म्हणाला. "खोक्यावर लिहिलंय. पहिल्याच दिवशी वाचलं, तुम्ही पेचकस शोधत होता तेव्हा."

"मग… बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही आला असतात?"

माझे कान तापले. मग सरळ सांगून टाकलं, "एर्मेस, मला तू आवडतोस. आता वर जायला निमित्त उरलं नाही, म्हणून खालीच सांगतेय."

त्यानं हात विजारीला पुसले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. मग माझा हात हातात घेतला. "मला तर त्या शंभराव्या पायरीपासून…" एवढंच म्हणाला.

वरून निवेसचा आवाज आला. "मॅडम! वर या ना दोघं! काय दिसतंय इथून!"

एर्मेसनं माझा हात न सोडता मान वर केली. "येता येत नाही," तो ओरडला. "दोघांनी खालीच थांबायचं, असा नियम आहे!"