गरुडवीराचा अर्धा शेला

"गेलं! परत चित्र गेलं!" मनी किंचाळली.

टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचत होत्या. आवाज तेवढा येत होता. मालिकेतला गरुडवीर नुकताच आपल्या भावासमोर येऊन उभा राहिला होता! उडायची शक्ती देणारा शेला दोघांनी भांडणात फाडला होता आणि आता अर्ध्या शेल्यावर कुणालाच आभाळ गाठता येत नव्हतं.

१९७६ सालची मे महिन्याची सुट्टी. साताऱ्याला आबांकडे, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबांकडे, बारा वर्षांची हरणा, तिची धाकटी बहीण मनी आणि मिरजेचा आतेभाऊ जोतिबा जमले होते. गल्लीतला एकुलता एक टीव्ही आबांचाच!

"सलग तिसरा गुरुवार! आणि फक्त हीच मालिका लागली की!" जोतिबा म्हणाला.

"दुकानदारानं डबडं गळ्यात मारलंय," आबा गुरगुरले. गच्चीवर चढून बघायला मात्र ते तयार नव्हते.

पुढच्या गुरुवारी मुलांनी अँटेनाच्या खांबाभोवती रांगोळी भुरभुरली. चित्र गेलं तरी कुणी ओरडलं नाही. भाग संपताच तिघं वर धावली.

रांगोळीत अनवाणी पावलं उमटली होती. शेजारी काठीचे गोल ठसे. ते शेजारच्या गच्चीकडे गेले होते.

"सयाजी आजोबा!" हरणा पुटपुटली.

सयाजी म्हणजे आबांचे सख्खे धाकटे भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, पण अकरा वर्षं अबोला! पासष्टच्या लढाईत आबा सीमेवर असताना त्यांची आई गेली. सयाजींनी आबांची वाट न पाहता अंत्यसंस्कार उरकले, हा राग.

"ते मुद्दाम अँटेना फिरवतात?" मनीनं विचारलं.

"नाही गं. हे बघ, इथली रांगोळी पुसलीय, म्हणजे ते बसले होते." हरणा खाली वाकली. खांबाजवळच्या झरोक्यातून खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. "ते ऐकायला येतात. खांबाला टेकून बसतात आणि अँटेना फिरतो!"

अजिंक्यताऱ्यावर ऊन मऊ होत चाललं होतं. त्या सोनेरी उजेडात कुणीतरी शेला पांघरून तरंगत येईल, असं मनीला उगाच वाटून गेलं.

शेवटच्या भागाच्या दिवशी चित्र जाताच हरणा म्हणाली, "आबा, आमचा हात पोचत नाही. खांब तुम्हीच सरळ करा ना!"

कुरकुरत आबा वर गेले. मुलं जिन्यात दबकून बसली.

खांबाला टेकून, डोळे मिटून सयाजी झरोक्याला कान लावून बसले होते. चाहूल लागताच ते धडपडत उठले. "जातो, दादा..."

आबा वाट अडवून उभे राहिले. मग म्हणाले, "आईनं शेवटाला माझं नाव घेतलं व्हतं का रं?"

"तुझंच घेतलं. ती अत्यवस्थ झाली तवाच तार धाडली, तीन दिवस वाट बघितली आमी. तार पोचलीच न्हाई तुला." सयाजी म्हणाले. "हे सांगायला कितींदा आलो. तू दार उघडलं न्हाईस."

आबांनी त्यांची काठी उचलून दिली आणि दंड धरला. "चल खाली."

जिन्यात तिघं नातवंडं सापडलीच! आबांनी हरणाचा कान धरला. पण पिळला नाही.

"मला फसवून वर धाडलंस व्हय? फौजेत असतीस तर टेहळणीवर तुलाच धाडली असती, पोरी! लय भारी काम केलंत तिघांनी!"

खाली मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. सयाजी पडद्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "महिनाभर नुसता आवाज ऐकलाय मी. दादा, कसा दिसतो रं तो गरुडवीर?"

आबांनी टीव्ही बंद केला, भावाजवळ पाट ओढला आणि पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली.